जीर्ण अंतराळगृहाचें करावयाचें काय?

विदर्भांतील एका वाचकभगिनीनें गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र लिहिलें. पत्र चांगलें आठ पानी असून त्यांत सुनेच्या बाळंतपणापासून बोअरच्या पाण्यापर्यंत पुष्कळ विषय आले आहेत. परंतु शेवटच्या पानावरील एक प्रश्न आम्हांस विशेष मोलाचा वाटला. त्या लिहितात कीं, आपले शुभांशु शुक्ला २०२५ सालच्या जून-जुलै महिन्यांत ज्या अंतराळस्थानकांत अठरा दिवस राहून आले, तें स्थानक जुनें झालें म्हणून पॅसिफिक महासागरांत बुडविणार असल्याचें वाचलें, तें खरें काय? आणि खरें असेल तर एवढी मोलाची वस्तु बुडवावयाची कशासाठीं? ‘आमच्या घरीं फुटकी घागरसुद्धां मोडींत घालतात, नदींत टाकीत नाहींत,’ असें त्यांनीं शेवटीं लिहिलें आहे. प्रश्न संसारी माणसाचा आहे, आणि असा प्रश्न पंडिताच्या प्रश्नाहून बहुधा अवघड असतो.

बातमी खरी आहे. २०२२ सालीं अमेरिकेनें कायदा करून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक २०३० च्या अखेरीपर्यंत चालविण्यास संमति दिली, आणि त्यानंतर तें ठरवून समुद्रांत उतरविण्याची योजना आंखली. पूर्वीं ही मुदत २०१५ ची होती, मग २०२० झाली, मग २०२४ झाली. तेव्हां आणखी एखादी वाढ मिळणारच नाहीं अशी पैज आम्ही लावणार नाहीं. घरमालक आणि भाडेकरू यांचे दावे ज्यांनीं जवळून पाहिले आहेत त्यांस मुदतवाढ म्हणजे काय तें सांगावयास नको. परंतु मुदत कितीहि वाढली तरी एक दिवस घर उतरवावें लागणारच, आणि तें कसें उतरवावयाचें याचा निर्णय तो दिवस उगवण्यापूर्वींच व्हावा लागतो. खरा वाद आहे तो येथें.

हें घर कसें आहे तें आधीं सांगितलें पाहिजे. पृथ्वीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे मुंबईहून पणजी सरळ रेषेंत जितकी दूर जवळजवळ तितक्याच अंतरावर, तें ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें पृथ्वीभोंवतीं फिरत असतें. एक प्रदक्षिणा दीड तासाची; त्यामुळें दिवसांत सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. (मग तेथें संध्या किती वेळां करावयाची, असें आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस विचारलें होतें, त्याचा निर्णय धर्मशास्त्र्यांनीं द्यावा.) वजन सुमारें ४२० टन आणि लांबी १०९ मीटर. अमेरिका, रशिया, जपान, कॅनडा आणि युरोपांतील राष्ट्रें मिळून पंधरा देशांचा हा सामाईक वाडा. २० नोव्हेंबर १९९८ रोजीं कझाकस्तानांतील बैकोनूर येथून ‘झार्या’ नांवाचें पहिलें दालन वर गेलें. रशियन भाषेंत झार्या म्हणजे उषा. पैसा अमेरिकेचा आणि कारागिरी रशियाची, असें तें दालन. पहिल्या दगडापासूनच घरांत दोघांचा हात मिसळलेला. २ नोव्हेंबर २००० रोजीं शेपर्ड, गिद्‌झेंको आणि क्रिकाल्योव्ह असे तिघे तेथें राहावयास गेले, आणि त्या दिवसापासून हें घर एक रात्रहि ओस पडलेलें नाहीं. आपल्या सुनीता विल्यम्स तेथें २०२४-२५ मध्यें अडकल्या आणि सारें गुजराथ व सारा देश त्यांच्या परतण्याकडे डोळे लावून बसला, तें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. तेव्हां शब्दाविषयीं दोन ओळी लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. अंतराळ म्हणजे मधली जागा. देवळांत गाभारा आणि मंडप यांच्यामधील चिंचोळ्या जागेसहि अंतराळ असेंच म्हणतात. हें स्थानक तर अक्षरशः मधल्या जागेंत उभें आहे. तेथें पृथ्वीची हवा संपली असें वाटतें, पण ती पुरती संपलेली नसते. त्या अत्यंत विरळ हवेच्या घर्षणानें स्थानक हळूहळू खालीं उतरत राहतें, म्हणून वरचेवर इंजिनें चालवून त्यास पुन्हां वर उचलावें लागतें. हें उचलणें ज्या दिवशीं थांबेल त्या दिवसापासून त्याचें खालीं येणें निश्चित. केव्हां आणि कोठें, एवढेंच अनिश्चित. शिवाय सूर्य ज्या वर्षीं अधिक क्षुब्ध असतो त्या वर्षीं वरची हवा तापून फुगते आणि घर्षण वाढतें. ही शेवटली गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिनें पूर्वीं दोनदां घात केला आहे, तो पुढें सांगूं.

पंचवीस वर्षें म्हणजे कांहीं मोठें वय नव्हे, आमच्याकडे दीडदीडशें वर्षांचे वाडे उभे आहेत, असें कोणी म्हणेल. परंतु त्या वाड्यांस दिवसांतून सोळा वेळां भट्टींत घालून सोळा वेळां बर्फांत बुडवीत नाहींत. उन्हांत असतां स्थानकाचें बाहेरचें अंग शंभर अंशांच्या वर तापतें आणि छायेंत गेलें कीं शून्याखालीं शंभर अंशांहूनहि अधिक निवतें. धातु फुगतो, आकसतो, पुन्हां फुगतो. नव्या यानांचे धक्के लागतात, आंतल्या यंत्रांची थरथर अखंड चालूं असते. अखेर जेथें जोड असतो तेथें अंग धरवत नाहीं.

तसेंच झालें. रशियाचें ‘झ्वेज्दा’ नांवाचें दालन २००० सालीं वर गेलें. त्याच्या टोंकाशीं असलेल्या लहानशा बोळांतून २०१९ पासून हवा गळूं लागली. भेग इतकी बारीक कीं डोळ्यांस दिसेना. २०२० च्या ऑक्टोबरांत तेथील रहिवाशांनीं काय केलें, तर चहाची पत्ती त्या दालनांत मोकळी सोडली, दारें लावून घेतलीं आणि पत्ती तरंगत तरंगत कोठें जाते तें छायायंत्रांतून पाहिलें. पत्ती भेगेपाशीं जाऊन जमली! अब्जावधि डॉलरांच्या वाड्यांतली गळती शेवटीं चहाच्या पत्तीनें सांपडली, हें वाचून आमच्या घरच्या मंडळींस आमच्याहून अधिक समाधान वाटलें. भेगेवर पट्टी चिकटविली, पुढें दुसरीकडे गळूं लागलें, पुन्हां ठिगळ. २०२५ च्या जूनमध्यें शुक्लांचें उड्डाण लांबलें त्याच्या कारणांतहि ही गळती होती. विशेष असें कीं, भेग कशानें पडली आणि ती कितपत घातक आहे याविषयीं रशियाचे आणि अमेरिकेचे तज्ज्ञ यांचें एकमत झालें नाहीं. भिंतीला तडा गेला कीं थोरला म्हणतो पाया खचला, धाकटा म्हणतो गिलावाच सुटला, तोच प्रकार.

आतां मोडीचा हिशेब. वाचकभगिनींच्या घागरीस मोडीचे पैसे येतात, कारण तांबट पेठेंत बसलेला असतो आणि घागर काखेंत मारून तेथवर नेतां येते. अंतराळस्थानकाचा तांबट खालीं आहे आणि घागर वर आहे. चाळीसांहून अधिक उड्डाणांनीं तें तुकड्यातुकड्यांनीं वर नेऊन जोडलें. मोठीं दालनें परत खालीं आणूं शकेल एवढें पोट असलेलें एकच वाहन होतें, अमेरिकेचें स्पेस शटल. त्याचें शेवटचें उड्डाण जुलै २०११ मध्यें झालें आणि तीं वाहनें आज संग्रहालयांत उभीं आहेत. शिवाय हें घर सुटें करण्याच्या हेतूनें बांधलेलेंच नाहीं. वीस-पंचवीस वर्षें एकमेकांस घट्ट बसलेले सांधे अंतराळवीरांनीं बाहेर लोंबकळत सोडवावयाचे, ह्यांत प्राणहानीचा धोका किती आणि त्यापासून हातीं येणारें काय, हा विचार करतां कोणीहि शहाणा माणूस तो उद्योग पत्करणार नाहीं.

मग तें आणखी उंच नेऊन तेथेंच ठेवावें, पुढल्या पिढ्या पाहतील, असें म्हणणारेहि पुष्कळ आहेत. ही कल्पना ऐकावयास फार गोड आहे. आम्हांसहि प्रथम तीच पटली होती, असें कांहीं वाचकांनीं आम्हांस कळविलें आहे. तींत अडचण दुहेरी आहे. एक, चारशें टनांचें ओझें इतकें वर न्यावयाचें तर इंधनाचे डोंगर लागतील. दुसरी अडचण अधिक बिकट. आठशें किलोमीटरांच्या आसपासचा प्रदेश हा आकाशांतला उकिरडा आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजीं त्याच सुमाराच्या उंचीवर अमेरिकेचा इरिडियम आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस असे दोन उपग्रह एकमेकांवर आदळले आणि त्यांचे हजारों तुकडे झाले; ते गोळीहून कितीतरी अधिक वेगानें अजून भ्रमण करीत आहेत. तशा वस्तींत रिकामें, दिवाबत्ती नसलेलें, कोणी झाडपूस करीत नाहीं असें एवढें थोरलें घर नेऊन ठेवावयाचें म्हणजे आज ना उद्यां त्याचाहि उकिरडाच होणार, आणि त्याचे तुकडे इतरांचे उपग्रह फोडणार. पहारेकरी नसलेलें संग्रहालय हें संग्रहालय नव्हे.

उरली तिसरी वाट: कांहींच करावयाचें नाहीं, पडेल तेव्हां पडेल. ही वाट कोणी उघडपणें सुचवीत नाहीं, परंतु निर्णय लांबणीवर टाकणारे सगळे न कळत याच वाटेनें चाललेले असतात. येथें दोन जुन्या घरांची हकीकत सांगणें अवश्य आहे.

पहिलें घर अमेरिकेचें स्कायलॅब. १४ मे १९७३ रोजीं तें वर गेलें. तीन तुकड्या तेथें राहून आल्या. ८ फेब्रुवारी १९७४ रोजीं शेवटची तुकडी कुलूप लावून निघाली. घर चांगलें होतें. शटल लवकरच तयार होईल, तें जाऊन या घरास वर उचलील, मग पुन्हां वापरूं, असा बेत होता. सूर्य अपेक्षेहून अधिक तापला, हवा फुगली आणि घर भराभर खालीं येऊं लागलें. शटलचें काम मात्र लांबलें. त्याचें पहिलें उड्डाण १२ एप्रिल १९८१ रोजीं झालें, आणि स्कायलॅब ११ जुलै १९७९ रोजींच कोसळलें. ७७ टनांची ती वस्तु कोठें पडेल हें शेवटच्या तासापर्यंत नेमकें कोणासच सांगतां येत नव्हतें. आम्ही तेव्हां नुकतेच शाळेंत रुजू झालों होतों. चौथीच्या वर्गांत एका मुलानें उभें राहून विचारलें, ‘गुरुजी, स्कायलॅब पडणारच असेल तर गृहपाठ कशाला?’ वर्ग हांसला. पण दुसरे दिवशीं त्याच वर्गांतील सहा मुलें आलीं नाहींत, आईबापांनीं पाठविलींच नाहींत. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या कितीक घरांत त्या दिवसांच्या गोष्टी अद्याप सांगतात. मुलें आज त्या ऐकून हांसतात. परंतु ती भीति निव्वळ खेडवळ नव्हती. जी वस्तु कोठें पडेल हें तिच्या मालकासच ठाऊक नाहीं, तिला भिणें हें अज्ञान कसें म्हणावें? अखेर तिचे कांहीं तुकडे हिंदी महासागरांत आणि कांहीं ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागांत एस्परन्स गांवाच्या आसपास पडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. त्या गांवच्या स्थानिक मंडळानें रस्त्यांत कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या नासा संस्थेस ४०० डॉलर दंड ठोठावला. दंड थट्टेचा होता. तो भरला गेला तीस वर्षांनीं, २००९ सालीं, आणि तोहि सरकारनें नव्हे, तर अमेरिकेंतील एका रेडिओ-निवेदकानें श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून.

दुसरें घर सोव्हिएत रशियाचें साल्यूत-७. आणि याच्याशीं आपला जुना ऋणानुबंध आहे. एप्रिल १९८४ मध्यें राकेश शर्मा राहिले ते याच घरांत. त्याचाहि शेवट आपल्याकडे फारशा कोणास ठाऊक नाहीं. १९८६ सालीं रशियनांनीं तें रिकामें करून अधिक उंचीवर नेऊन ठेवलें, कारण त्यांचें स्वतःचें ‘बुरान’ नांवाचें शटल तयार होत होतें आणि तें पुढें येथवर येईल अशी आशा होती. बुरान १५ नोव्हेंबर १९८८ रोजीं एकदांच, तेंहि माणसांवांचून, उडालें. पुन्हां कधीं उडालें नाहीं. इकडे सूर्य पुन्हां क्षुब्ध झाला. ७ फेब्रुवारी १९९१ रोजीं साल्यूत-७ स्वैरपणें खालीं आलें आणि त्याचे तुकडे अर्जेंटिनांत वस्तीजवळ पडले.

दोन घरें, दोन निरनिराळीं साम्राज्यें, आणि चूक अक्षरशः एक! दोघांनींहि अजून न जन्मलेल्या वाहनाच्या भरंवशावर जुन्या घराचा निर्णय पुढें ढकलला. मुलगा परदेशांतून येईल, पैसा आणील, मग वाड्याची डागडुजी करूं, असें म्हणतां म्हणतां पावसाळा येतो आणि माळवद खालीं येतें. हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं डोळ्यांनीं पाहिलें असेल.

याच्या उलट उदाहरण ‘मीर’चें. फेब्रुवारी १९८६ पासून तें वर होतें. १९९७ सालीं त्यांत आग लागली, त्याच वर्षीं सामान नेणारें यान येऊन धडकलें आणि एक दालन निकामी झालें. या मीरनें सोव्हिएत संघ वर असतांनाच नाहींसा झालेला पाहिला. वर उल्लेखिलेले क्रिकाल्योव्ह तेव्हां तेथेंच होते, आणि ते परत आले तेव्हां ज्या राष्ट्रानें त्यांस पाठविलें तें राष्ट्रच उरलें नव्हतें. मीर वांचविण्यासाठीं खासगी भांडवल आणण्याचाहि प्रयत्न २००० सालीं झाला. रशियांत पुष्कळांच्या भावना त्यांत गुंतल्या होत्या. पण अखेर निर्णय झाला, इंधन भरलेलें एक यान मुद्दाम पाठवून मीरला जोडलें, आणि २३ मार्च २००१ रोजीं ठरल्या दिवशीं, ठरल्या ठिकाणीं, दक्षिण पॅसिफिकांत तें उतरविलें. फिजी बेटांवरून लोकांनीं आकाशांत जळत्या रेघा पाहिल्या. कोणासहि खरचटलें नाहीं. आम्ही या कृत्यास बुडविणें म्हणणार नाहीं. गणपति बुडवितात असें आपण म्हणत नाहीं, विसर्जन करतात असें म्हणतों. फरक केवळ शब्दाचा नाहीं, तें कोणत्या दिवशीं, कोणीं आणि कोणत्या पाण्यांत करावयाचें हें आधीं ठरलेलें असतें.

सध्यांच्या स्थानकासाठीं योजना मीरसारखीच आहे, पण ओझें तिपटीहून अधिक. प्रारंभीं रशियाचीं तीन मालवाहू यानें जोडून काम भागेल असा विचार होता. तें पुरणार नाहीं असें दिसल्यावर जून २०२४ मध्यें नासानें स्पेसएक्स कंपनीस एक खास ओढयान बांधण्याचें काम दिलें. त्याचा करार ८४ कोटी ३० लक्ष डॉलरपर्यंतचा. त्याला ४६ लहान इंजिनें असावयाचीं आहेत. तें स्थानकास चिकटेल. स्थानक विरळ हवेच्या घर्षणानें हळूहळू खालीं येऊं द्यावयाचें. शेवटचे रहिवासी उतरतील. आणि मग एक शेवटचा जोराचा रेटा. प्रथम सौरपंख गळून पडतील, मग दालनें एकमेकांपासून सुटतील, मग त्यांचेहि तुकडे होतील. पुष्कळसें जळून जाईल आणि जें घनदाट तें समुद्रास मिळेल.

येथें भाऊबंदकी आड येते. ह्या घराची वाटणी होऊं शकत नाहीं. वीज मुख्यतः अमेरिकेच्या भागांतून येते, आणि वर उचलून धरण्याचें बळ मुख्यतः रशियाच्या भागांतून. दिवाबत्ती एकाकडे आणि खांब दुसऱ्याकडे. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध पेटल्यावर रशियानें जुलै महिन्यांत सांगितलें कीं, आम्ही २०२४ नंतर बाहेर पडणार. पुढच्याच वर्षीं सांगितलें कीं, २०२८ पर्यंत राहूं. २०२८ आणि २०३० यांच्यामध्यें दोन वर्षें राहतात. खालीं या दोन राष्ट्रांत बोलणें बंद होण्याची पाळी आली असतां वर त्यांचीं माणसें एका टेबलाशीं जेवत होतीं आणि एकमेकांच्या यानांतून जात-येत होतीं. असें एकत्र कुटुंब आम्हीं दुसरें पाहिलेलें नाहीं, आणि तें मोडल्यावर पुन्हां कधीं जमेल असेंहि आम्हांस वाटत नाहीं. स्थानक टिकवावें म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादांपैकीं आम्हांस खरोखर हेलावणारा युक्तिवाद हा आहे. दुसरा युक्तिवाद असा कीं, पुढलें घर अजून उभें नाहीं. चीनचें स्वतःचें तियानगोंग २०२२ अखेर पुरें झालें. अमेरिकेंत खासगी कंपन्या स्थानकें बांधूं म्हणतात, पण बांधूं म्हणणें आणि बांधणें यांत अंतर असतें. शटल बंद केल्यावर स्वतःचें वाहन येईपर्यंत अमेरिकेस २०११ पासून २०२० पर्यंत रशियाच्या यानांत भाडें देऊन बसावें लागलें. त्याचा चटका ताजा आहे.

आमचें मत विचाराल तर, घर उतरविण्याचा निर्णय योग्य आहे. त्याची तारीख पुढें ढकलण्यासहि आमची फारशी हरकत नाहीं; दरसाल सुमारें ३०० कोटी डॉलर अमेरिकेच्या खजिन्यांतून जातात, तें त्यांचें त्यांनीं पाहावें. आमची हरकत आहे ती क्रमास. ओढयान स्थानकास जोडावयाचें तें शेवटच्या दीड-दोन वर्षांत, असा बेत आहे. मधल्या काळांत मोठी भेग पडली आणि रहिवाशांस एका रात्रींत घर सोडावें लागलें, तर उतरविण्याचें साधन कोठें आहे? तें अजून खालीं कारखान्यांत आहे. अमेरिकेच्या अंतराळ-सुरक्षा-समितीनेंहि एप्रिल २०२५ मध्यें असाच इशारा दिला कीं, स्थानक आतां त्याच्या आयुष्यांतील सर्वांत जोखमीच्या काळांत शिरलें आहे, आणि हें ओढयान लवकर हातीं नसणें हें त्याचें एक कारण. स्कायलॅब आणि साल्यूत यांच्या मालकांजवळ घर होतें, वाहन नव्हतें. तेव्हां मुदत २०३० असो वा त्याहून पुढची असो, आधीं तें यान वर नेऊन दाराशीं उभें करावें आणि मग मुदतीचें भांडण करीत बसावें. पैशाची घाई करणारे म्हणतील, चार वर्षें तें नुसतें उभें राहून काय करील? अग्निशामक बंबहि वर्षानुवर्षें नुसताच उभा असतो.

भीति अवास्तव नव्हे याचा पुरावा ह्याच घरानें दिला आहे. मार्च २०२१ मध्यें तेथून जुन्या बॅटऱ्यांचा अडीच टनांहून अधिक वजनाचा एक गठ्ठा खालीं सोडून दिला होता. तो वाटेंतच जळून जाईल असा हिशेब होता. ८ मार्च २०२४ रोजीं त्यांतला सुमारें सातशें ग्रॅमचा एक तुकडा अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत नेपल्स गांवच्या एका घराचें छप्पर भेदून आंत पडला. सातशें ग्रॅम, आणि स्थानक ४२० टन.

समुद्राविषयींहि बोललें पाहिजे. जेथें तें उतरवावयाचें तो दक्षिण पॅसिफिकांतला प्रदेश निमो बिंदूच्या भोंवतालचा. कोणत्याहि किनाऱ्यापासून तो सुमारें २,६८८ किलोमीटर दूर आहे. इतका दूर कीं स्थानक त्याच्यावरून जातें तेव्हां त्या बिंदूस सर्वांत जवळचीं माणसें स्थानकांतलींच असतात! १९७१ पासून अडीचशेंहून अधिक यानें त्या बाजूच्या पाण्यांत उतरविलीं आहेत. माणसांच्या जिवाच्या दृष्टीनें याहून चांगली जागा पृथ्वीवर नाहीं हें कबूल. परंतु ‘कोणाचें नाहीं’ म्हणून सगळ्या आळीचा कचरा जेथें जातो त्या परसासारखी त्या समुद्राची दशा होऊं नये. घर पंधरा देशांचें आणि समुद्र सगळ्यांचा. तेव्हां काय पडलें, किती पडलें आणि त्याचें पुढें काय झालें, याची नोंद मालकांनीं जगापुढें ठेवावी, एवढी मागणी अवाजवी नाहीं.

आपलेंहि घर लवकरच वर जावयाचें आहे. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचें पहिलें दालन २०२८ सालीं पाठवावें आणि २०३५ पर्यंत स्थानक पुरें करावें, असा आपल्या सरकारचा बेत आहे. १६ जानेवारी २०२५ रोजीं दोन भारतीय यानें अंतराळांत एकमेकांस जोडून त्याची पूर्वतयारीहि झाली. आपल्या अभियंत्यांनीं आराखड्याच्या पहिल्याच पानावर हें घर कसें उतरवावयाचें तें लिहून ठेवलें असेल अशी आमची खात्री आहे. नसल्यास त्यांस आमच्या वाचकभगिनींचें पत्र धाडूं.

आतां त्यांच्या घागरीकडे वळून पत्र संपवितों. सगळेंच बुडणार नाहीं. स्थानकावर जहाजावरच्यासारखी एक घंटा आहे, पाहुणा आला कीं ती वाजवितात. ती घंटा, तेथील दप्तर, ज्यांवर येणाऱ्या प्रत्येक तुकडीनें आपलें चिन्ह चिकटविलें ते फळे, अशा लहान वस्तु खालीं आणून जतन करण्याचा विचार चालूं आहे. घर मोडतांना देवघरांतली घंटा आणि कुलवृत्तान्ताची वही आधीं काढून ठेवतात, तितकें तेहि जाणतात. आणि तोंवर ज्यांस घर पाहावयाचें असेल त्यांनीं निरभ्र संध्याकाळीं, दिवेलागणीनंतर तासाभरांत, गच्चीवर जावें. शुक्राएवढा तेजस्वी ठिपका, न लुकलुकतां, पश्चिमेच्या बाजूनें उगवून चारपांच मिनिटांत आकाश ओलांडून जातो. विमान नव्हे, कारण त्याला तांबडे-हिरवे दिवे नसतात. आपल्या गांवावरून तो कोणत्या दिवशीं किती वाजतां जाईल याचें वेळापत्रक नासा आगाऊ प्रसिद्ध करते. घरांतील मुलांच्या हातांत मोबाइल असतोच. तें त्यांना शोधावयास सांगावें.